लोकरगिरणीतल्या बुगाटी

म्युलूझ हे फ्रान्सच्या पूर्व टोकाला, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांच्या सीमांजवळ वसलेले अल्सास प्रांतातले गिरण्यांचे जुने शहर. तिथल्या एका बंद पडलेल्या लोकरगिरणीत मोटारींच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. 'सिते द लोतोमोबील', म्हणजे मोटारींची नगरी, या नावाने ते आज ओळखले जाते. चारशेहून अधिक गाड्या इथे पाहायला मिळतात आणि त्यांतल्या शंभरावर गाड्या बुगाटी या एकाच नावाच्या आहेत. एवढ्या बुगाटी एका छपराखाली जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

युरोपातली बरीचशी प्रसिद्ध मोटार संग्रहालये कंपन्यांनी स्वतः उभारली आहेत. श्टुटगार्टमध्ये मर्सिडीज-बेंझ आणि पोर्शे यांची, म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यूची. अशा ठिकाणी इतिहास सांगणारा आणि माल विकणारा एकच असतो. म्युलूझचा संग्रह कोणत्याही मोटार कंपनीने केलेला नाही. दोन गिरणीमालक भावांनी तो गुपचूप जमवला, त्यांच्या गिरणीकामगारांनी त्याची दारे उघडली आणि शेवटी सरकार व स्थानिक संस्थांनी तो सांभाळला. इथल्या गाड्या नीट समजून घ्यायच्या तर आधी ही हकीकत समजून घ्यावी लागते, कारण या दालनातल्या प्रत्येक चकाकत्या मडगार्डामागे लोकर कातणाऱ्या हातांची कमाई आहे.

म्युलूझची औद्योगिक कहाणी भारतीय कापडापासून सुरू होते. सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरची छापील आणि रंगवलेली सुती कापडे युरोपात पोहोचली आणि तिथे त्यांचे वेड लागले. देशी रेशीम आणि लोकर उद्योगाला वाचवण्यासाठी फ्रान्सने १६८६ मध्ये अशा कापडांवर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत टिकली. म्युलूझ मात्र त्या काळी फ्रान्समध्ये नव्हते. स्विस संघाशी सख्य राखून असलेले ते स्वतंत्र नगरराज्य होते आणि फ्रेंच बंदी तिथे लागू नव्हती. या संधीचा फायदा घेऊन १७४६ मध्ये तिथे भारतीय छपाईच्या धर्तीवर कापड छापण्याचा पहिला कारखाना निघाला. या कापडाचे नावच मुळी 'एंदिएन', म्हणजे भारतीय, असे होते. छपाईच्या मागोमाग सूतकताई, विणकाम, रंगरसायने आणि यंत्रनिर्मिती आली. १७९८ मध्ये शहर फ्रान्समध्ये सामील झाले, आणि पुढे त्याला 'फ्रान्सचे मँचेस्टर' म्हटले जाऊ लागले. १८७१ मध्ये अल्सास जर्मनीकडे गेला, १९१८ मध्ये फ्रान्सकडे परत आला, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जर्मनांच्या ताब्यात गेला. संग्रहालयाची इमारत जर्मन अमलातली आहे. १८८० च्या सुमारास लोकर कातण्यासाठी ती बांधली गेली.

हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे दोघे भाऊ इटलीत जन्मले, पण लहानपणीच म्युलूझला आले. वडील स्विस, आई झान म्युलूझची. दोघांचे नागरिकत्व स्विस राहिले, आणि ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरली. फ्रिट्झ धाकटा, पण व्यवहारात पुढे. लोकरीच्या दलालीपासून सुरुवात करून त्याने १९३५ मध्ये भावासह लोकर उद्योगाची कंपनी काढली. थूर नदीच्या खोऱ्यातल्या माल्मर्सपाख गावची गिरणी त्यांच्या हाती आली, आणि युद्धानंतरच्या तेजीत एकामागून एक गिरण्या घेत ते अल्सासच्या लोकर धंद्यातले सर्वांत बडे मालक झाले. म्युलूझची ही बंद गिरणी त्यांनी १९५७ मध्ये घेतली.

फ्रिट्झ तरुणपणी स्वतः बुगाटी चालवत असे. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याने जुन्या मोटारी विकत घेण्याचा सपाटा लावला. ती वेळ त्याच्या सोयीची होती. युद्धापूर्वीच्या गाड्यांना तेव्हा फारशी किंमत नव्हती. अनेक जण त्या भंगारात काढत, आणि प्राचीन वस्तूंसारखा त्यांचा बाजार अजून उभा राहिला नव्हता. फ्रिट्झने दलालांमार्फत युरोपभर चौकशी केली, बुगाटीच्या मालकांना पत्रे पाठवली, आणि एकेका व्यवहारात डझनांनी गाड्या उचलल्या. मोल्सहाइमचा बुगाटी कारखाना १९६३ मध्ये हिस्पानो-सुइझा कंपनीकडे गेला, तेव्हा बुगाटी कुटुंबाने जपून ठेवलेल्या गाड्याही त्याने मिळवल्या. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातून जॉन शेक्सपियर या संग्राहकाच्या ३० बुगाटी एकरकमी ८५ हजार डॉलरला आल्या. आज त्या ३० पैकी एका गाडीलाही त्याच्या कित्येक पट रक्कम पडेल. फ्रेंच रेसिंग गाड्यांचा निर्माता आमेदे गोर्दिनी याच्या एकआसनी गाड्याही त्याच काळात श्लुम्फकडे आल्या.

गाड्या गिरणीत आल्या की त्यांच्यावर काम सुरू होई. सुमारे चाळीस कारागीर, त्यांत यंत्रे जुळवणारे, पत्रा ठोकणारे, गादीकाम करणारे, रंगारी असे सगळे, तिथे नेमले होते. बाहेर काही बोलायचे नाही, अशी त्यांना ताकीद होती. गिरणीच्या आतल्या भिंती पाडून एक प्रचंड दालन तयार झाले. त्यात गाड्यांच्या रांगांमधून फरशीचे रस्ते आखले गेले आणि त्यांच्या कडेने सुमारे ८०० दिव्यांचे खांब उभे राहिले. हे खांब पॅरिसच्या सीन नदीवरील तिसऱ्या अलेक्झांडरच्या नावाने असलेल्या पुलावरच्या दिव्यांची हुबेहूब नक्कल आहेत. प्रवेशद्वाराशी आईचे स्मारक मांडले गेले. संग्रहालय तिलाच अर्पण केलेले होते. सगळी तयारी होत आली तरी सामान्य लोकांसाठी दारे काही उघडली नाहीत. बोटांवर मोजता येतील एवढ्याच पाहुण्यांनी आत पाऊल टाकले.

१९७० च्या दशकात लोकरीचा धंदा बसला. कृत्रिम धागे आणि परदेशी स्वस्त माल यांमुळे पश्चिम युरोपातल्या गिरण्या एकापाठोपाठ बंद पडत होत्या. श्लुम्फ यांच्या गिरण्यांतही कपात सुरू झाली. १९७६ मध्ये कामगारांनी भावांच्या माल्मर्सपाखमधल्या बंगल्याला घेराव घातला. पोलिसांच्या मदतीने दोघे भाऊ बाहेर पडले आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला गेले. बाझेल म्युलूझपासून जेमतेम तीस किलोमीटर आहे, पण स्विस नागरिकाला त्याचा देश दुसऱ्या देशाच्या हवाली करत नाही. फ्रेंच कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचू शकला नाही.

७ मार्च १९७७ रोजी कामगार संघटनेच्या लोकांनी म्युलूझच्या गिरणीत शिरून ती ताब्यात घेतली. आत काय आहे याची कुणकुण सर्वांना होती. तरी दिव्यांच्या रांगा आणि त्याखाली उभ्या असलेल्या शेकडो गाड्या पाहून ते थक्क झाले. पगार थकला, नोकरी गेली, 'धंद्यात पैसा नाही' असे ऐकावे लागले, आणि इकडे मालकाने हे उभारलेले! कंपनीचा पैसा गाड्यांकडे वळवला गेला, हा त्यांचा आरोप होता आणि तो समोर मांडून दाखवण्याइतका पुरावा दुसरा नव्हता. संतापाच्या भरात सगळे मोडून टाकणे सोपे होते. त्यांनी वेगळा मार्ग धरला. इमारतीला 'कामगारांचा कारखाना' असे नाव देऊन त्यांनी ती लोकांसाठी खुली केली. स्वतः पहारा दिला, स्वतः लोकांना फिरवून माहिती दिली. हा ताबा सुमारे दोन वर्षे चालला आणि त्या काळात लाखो माणसांनी संग्रह पाहिला.

दरम्यान धनको आपल्या येण्यासाठी उभे होते. गाड्या लिलावात काढल्या तर मोठी रक्कम येणार, हे उघड होते, आणि लिलाव झाला असता तर संग्रह जगभर विखुरला गेला असता. १९७८ मध्ये फ्रेंच सरकारने सगळा संग्रह ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदवला. त्यामुळे तो देशाबाहेर नेता येईना आणि तुकड्या-तुकड्यांत विकताही येईना. १९८१ मध्ये म्युलूझ शहर, जिल्हा, अल्सास प्रांत, फ्रान्सचा ऑटोमोबाइल क्लब अशा संस्थांच्या संघाने ४ कोटी ४० लाख फ्रँकना तो विकत घेतला आणि जुलै १९८२ मध्ये राष्ट्रीय संग्रहालय रीतसर सुरू झाले. श्लुम्फ कुटुंबाने न्यायालयात झगडा चालू ठेवला. संग्रहाला 'श्लुम्फ संग्रह' हे नाव जोडण्याचा हक्क आणि पुढे, दोघे भाऊ गेल्यानंतर, भरपाईही त्यांना मिळाली. हान्स १९८९ मध्ये वारला, फ्रिट्झ १९९२ मध्ये. फ्रिट्झच्या हव्यासाशिवाय या गाड्या एकत्र आल्या नसत्या हे खरे. पण त्या लोकांना पाहायला मिळाल्या त्या कामगारांमुळे, आणि या संग्रहालयाचे संस्थापक म्हणून त्यांचाही उल्लेख बरोबरीने व्हायला हवा.

आजचे प्रवेशद्वार २००६ मध्ये केलेल्या नूतनीकरणातले आहे. आत गेल्यावर १७ हजार चौरस मीटरचे ते मुख्य दालन लागते. वर गिरणीचे करवतीच्या दातांसारखे छप्पर तसेच आहे. कारखान्याला दिवसभर सारखा, पण थेट उन्हाचा नसलेला प्रकाश मिळावा म्हणून अशी छपरे बांधत. धाग्याचा दोष डोळ्यांनी शोधायचा असे, त्यासाठी तो लागे. गाड्यांचा रंग आणि पत्र्याची वळणे पाहायलाही हाच प्रकाश उपयोगी पडतो. मांडणीचे तीन मोठे भाग आहेत : मोटारीची वाटचाल, शर्यती आणि उत्कृष्ट कलाकृती. गर्दीत हरवू नये म्हणून हाच क्रम धरलेला बरा.

वाटचालीच्या भागात सर्वांत जुनी गाडी १८७८ ची, वाफेवर चालणारी, झाको नावाची आहे. बघणाऱ्याला ती बग्गी आणि रेल्वे इंजिन यांची जोडणी वाटते, आणि एका अर्थाने आहेही तशीच. त्या काळी रस्त्यावर यंत्राने चालायचे तर वाफ हाच भरवशाचा मार्ग होता. अडचण बॉयलरची. पाणी उकळून दाब तयार व्हायला वेळ लागे, आणि कोळसा-पाण्याचे ओझे वाहावे लागे. लेओं सेर्पोले याने यावर सुंदर तोड काढली. त्याच्या बॉयलरमध्ये पाण्याचा साठा नसे. चपट्या केलेल्या तापलेल्या नळ्यांत लागेल तेवढेच पाणी जाई आणि क्षणात त्याची वाफ होई. १९०२ मध्ये सेर्पोलेने नीस शहराच्या समुद्रकिनारी ताशी १२० किलोमीटरच्या वर वेग गाठला. तो त्या वेळचा विक्रम होता. वाफेची गाडी मागासलेली होती म्हणून हरली, असा समज इथे ढासळतो. तिला हरवले ते पेट्रोलच्या गाडीच्या साधेपणाने.

पेट्रोलच्या गाडीचा उगम जर्मन आहे. निकोलाउस ओटोचे चार धक्क्यांचे इंजिन १८७६ चे. त्यावर आधारलेली तीन चाकी गाडी कार्ल बेंझने मानहाइममध्ये बनवून २९ जानेवारी १८८६ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण गाडीला आजचे रूप आले ते पॅरिसमध्ये. गॉटलिब डाइम्लरच्या इंजिनाचे फ्रान्समधले हक्क एदुआर साराझँ या वकिलाकडे होते. तो वारल्यावर ते त्याच्या पत्नीने, लुईझने, नेटाने टिकवले. पुढे तिचे लग्न पानार-लवासोर कंपनीच्या एमील लवासोरशी झाले आणि इंजिन त्या कारखान्यात पोहोचले. मोटारीच्या इतिहासात या बाईंचे नाव फार कमी वेळा घेतले जाते. लवासोरने १८९१ मध्ये इंजिन पुढे घेतले, त्यामागे क्लच आणि गिअर ठेवले, आणि मागची चाके फिरवली. ही रचना एवढी सरस ठरली की पुढची अनेक दशके बहुतेक गाड्या याच ठेवणीच्या झाल्या. दालनातल्या जुन्या पानार गाडीचे बॉनेट पाहताना तिच्यानंतरच्या गाड्यांचा चेहरा का ठरून गेला, ते दिसते.

१८९५ मध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत अशी शर्यत झाली. अंतर सुमारे ११८० किलोमीटर. लवासोरने जवळजवळ सगळा प्रवास एकट्याने सुकाणू धरून ४८ तास ४८ मिनिटांत पुरा केला आणि सर्वांत आधी पोहोचला. तरी पहिले बक्षीस त्याला मिळाले नाही. गाडी दोन आसनांची होती आणि नियम चार आसनांचा होता. त्याच शर्यतीत मिशलाँ बंधूंनी हवेचे टायर लावलेली गाडी उतरवली. तिचे टायर वाटेत सारखे फुटत राहिले, पण भरीव रबराच्या चाकांचे दिवस भरल्याचे जाणत्यांनी ओळखले. याच काळात द दियों-बुतों कंपनीने हलके, एका सिलिंडरचे आणि मिनिटाला १५०० च्या वर फेरे घेणारे इंजिन आणले. डाइम्लर आणि बेंझची इंजिने तेव्हा त्याच्या निम्म्याच्या आसपास फेरे घेत. जास्त फेरे म्हणजे लहान इंजिनातून जास्त शक्ती. हे इंजिन इतर कितीतरी कारखान्यांनी विकत घेऊन आपापल्या गाडीत बसवले आणि फ्रान्समध्ये मोटारी बनवणाऱ्यांची रीघ लागली. म्युलूझच्या संग्रहात शंभराच्या जवळपास वेगवेगळी नावे दिसतात, त्यांतली बहुतेक आज कुणाच्या ऐकिवातही नाहीत, याचे हे एक कारण.

दालनात पुढे सरकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुसऱ्या महायुद्धापर्यंत भारी गाड्या कारखान्यातून पुऱ्या तयार होऊन येत नसत. कंपनी चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाके देई. वरचा साज गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घेई. पूर्वी बग्ग्या बनवणाऱ्या घराण्यांकडे हे काम आले होते. लाकडी चौकटीवर पत्रा हाताने ठोकून बसवला जाई. त्यामुळे एकाच चासीवरच्या दोन गाड्या एकमेकींपेक्षा पूर्ण वेगळ्या दिसतात. संग्रहातल्या रोल्स-रॉइस आणि हिस्पानो-सुइझा पाहताना हा भेद दिसतो.

बुगाटीची गाडी मात्र चासीपासूनच वेगळी. एत्तोरे बुगाटीचा जन्म १८८१ चा, मिलानचा. वडील कार्लो फर्निचरचे नामांकित रचनाकार होते आणि भाऊ रेंब्रांट प्राण्यांच्या मूर्ती घडवणारा शिल्पकार होता. एत्तोरेने १९०९ मध्ये स्ट्रासबुर्गजवळच्या मोल्सहाइममध्ये कारखाना काढला. अल्सास तेव्हा जर्मनीत असल्याने फ्रान्सचा अभिमान मानल्या जाणाऱ्या या गाडीचा जन्म कागदोपत्री जर्मन आहे. सुरुवातीच्या काळात त्याने प्यूजो कंपनीसाठी 'बेबे' ही छोटी गाडीही रेखाटली होती.

शर्यतींच्या भागातली टाइप ३५ ही बुगाटीची सर्वांत यशस्वी गाडी. १९२४ मध्ये ल्योंच्या फ्रेंच ग्राँप्रीमध्ये ती पहिल्यांदा उतरली. आठ सिलिंडर, दोन लिटरचे इंजिन आणि बेताचे वजन. चाके ओतीव ॲल्युमिनियमची होती. त्यांना चपट्या आऱ्या होत्या आणि ब्रेकचा ड्रम चाकाबरोबरच ओतलेला होता. चाक काढले की ब्रेक समोर येई आणि काम पटकन होई. पुढे घोड्याच्या नालाच्या आकाराचा रेडिएटर, मागे निमुळती होत गेलेली शेपटी. सिसिलीच्या डोंगरी रस्त्यांवरची तार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटीने १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे जिंकली. १९२८ च्या शर्यतीत चेक चालक एलिश्का युंकोव्हा हिने टाइप ३५ चालवून नामवंत पुरुषांच्या गर्दीत पाचवा क्रमांक मिळवला. १९२९ ची पहिली मोनॅको ग्राँप्री विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सने याच गाडीतून जिंकली. महायुद्धात हा विल्यम्स आणि बुगाटीचाच दुसरा चालक रोबेर बेनुआ या दोघांनी व्याप्त फ्रान्समध्ये ब्रिटिशांसाठी गुप्त काम केले. दोघेही पकडले गेले आणि नाझी छळछावण्यांत मारले गेले.

या गाड्यांची तारीफ करताना त्यांची उणीवही पाहावी. एत्तोरे हट्टी होता. इतर कंपन्या तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक वापरू लागल्या तरी त्याने तारांनी ओढायचे ब्रेक १९३८ पर्यंत सोडले नाहीत. इंजिनाच्या ठोकळ्याचे पृष्ठभाग हाताने घासून आरशासारखे करण्यावर त्याचा कारखाना तासन्‌तास घालवी. म्युलूझमध्ये बॉनेट उघडी ठेवलेली गाडी दिसली तर तिथे थांबून ते चौकोनी, नितळ, कडा धारदार असलेले इंजिन नक्की पाहावे. यंत्र हे बघण्याजोगेही असले पाहिजे, हा आग्रह इतक्या टोकाला नेणारा निर्माता क्वचितच झाला.

कलाकृतींच्या भागाचा मध्यबिंदू म्हणजे रोयाल, म्हणजेच टाइप ४१. राजेमहाराजांसाठी जगातली सर्वांत थोर गाडी बनवायची असे एत्तोरेने ठरवले. आठ सिलिंडरचे १२.७ लिटरचे इंजिन, पुढच्या आणि मागच्या चाकांत ४.३ मीटर अंतर, आणि रेडिएटरच्या टोपणावर मागच्या पायांवर उभा राहिलेला हत्ती. तो मूळचा भाऊ रेंब्रांटचा. रेंब्रांट १९१६ मध्येच वारला होता. अशा २५ गाड्या करायच्या होत्या. १९२९ ची मंदी आली आणि सहाच बनल्या. त्यांतल्या तीनच गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या, आणि त्या तिघांत राजा एकही नव्हता. इंदूरच्या यशवंतराव होळकरांसारखे संस्थानिक त्याच दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग खास साज चढवून मागवत होते, म्हणजे महाग गाड्यांना दरबारी गिऱ्हाईक होतेच. रोयालच्या वाट्याला ते आले नाही.

सहाही रोयाल आज शाबूत आहेत आणि दोन म्युलूझमध्ये आहेत. कूपे नापोलेओं ही बुगाटी कुटुंबाची स्वतःची गाडी. तिचा साज एत्तोरेचा थोरला मुलगा झाँ याने रेखाटला. मागे मालकासाठी बंदिस्त खोली आणि पुढे चालकासाठी उघडी जागा. युद्धात जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून कुटुंबाने आपल्या रोयाल भिंतीआड लपवल्या होत्या. दुसरी, पार्क वॉर्ड या लंडनच्या कारागिरांनी साज चढवलेली लिमोझीन, ब्रिटिश गिऱ्हाइकासाठी झाली आणि शेक्सपियरच्या ३० गाड्यांबरोबर आली. तिसरीही रोयाल शेजारी दिसते, पण ती नव्याने उभी केलेली प्रतिकृती आहे. आर्माँ एस्देर या पॅरिसच्या व्यापाऱ्याच्या उघड्या गाडीची ती नक्कल. एस्देर रात्री गाडी चालवत नसे, म्हणून मूळ गाडीला पुढचे दिवेच नव्हते. मूळ चासीवर पुढे दुसरा साज चढला. प्रतिकृती पाहताना ती प्रतिकृती आहे हे लक्षात असलेले चांगले.

झाँ बुगाटी बापाइतकाच, कदाचित अधिक, प्रतिभावान होता. टाइप ५७ ही त्याच्या देखरेखीखाली घडली. त्याच मालिकेतल्या रेसिंग गाडीने १९३९ ची ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. काही आठवड्यांनी, ११ ऑगस्ट १९३९ रोजी, हीच गाडी मोल्सहाइमजवळ तपासून पाहताना रस्त्यात आलेल्या सायकलस्वाराला चुकवायच्या प्रयत्नात झाँ ठार झाला. तो तीस वर्षांचा होता. महिनाभरात युद्ध सुरू झाले, कारखाना हातचा गेला, आणि १९४७ मध्ये एत्तोरेही गेला. कंपनी पुढे रेंगाळली, पण ती सावरली नाही. पुढे हे नाव फोक्सवॅगनच्या मालकीत आल्यावर मोल्सहाइममध्ये पुन्हा गाड्या बनू लागल्या. त्यांतल्या व्हेरोंला १९३९ ची ल माँची ती शर्यत जिंकणाऱ्या पिएर व्हेरों याचे नाव दिलेले आहे.

जुन्या गाड्या कशा जपाव्यात, हा वाद या संग्रहालयाच्या इतिहासात ठळक आहे. फ्रिट्झला सगळे कोरे करकरीत हवे असे. त्यामुळे काही गाड्यांवरचा मूळ रंग, चामडे, वापराच्या खुणा नाहीशा झाल्या. आज जाणकार अशा खुणांना कागदपत्रांइतके महत्त्व देतात. श्लुम्फ यांच्या माल्मर्सपाखच्या गोदामात हात न लागलेल्या, गंजलेल्या गाड्या तशाच राहिल्या होत्या. त्यांतल्या ६२ गाड्या २००८ मध्ये अमेरिकन संग्राहक पीटर मलिनने घेतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या संग्रहालयात त्यांतल्या अनेक धुळीसकट मांडल्या. म्युलूझची चकाकी आणि या गाड्यांचा गंज, दोन्ही एकाच खरेदीतून आलेले. उभ्या गाडीचेही नुकसान होत असते. टायर एका बाजूने दबतात, टाकीतले जुने पेट्रोल चिकट होते, दमटपणा लाकडी चौकटीत शिरतो. म्हणून तेले काढून ठेवणे, हवा कोरडी राखणे आणि काही गाड्या अधूनमधून चालवणे, ही कामे कायम चालू असतात. २०११ पासून इमारतीमागे छोटा ट्रॅक आहे. तिथे निवडक गाड्या प्रेक्षकांपुढे पळवून दाखवल्या जातात. थांबलेल्या इंजिनाचा आवाज कल्पनेने ऐकण्यापेक्षा हे पाहणे कितीतरी समाधानाचे आहे.

भेटीसाठी किमान तीन तास हाताशी ठेवावेत. गाड्यांमध्ये रस असणाऱ्याला अख्खा दिवसही कमी पडेल. पॅरिसहून म्युलूझला टीजीव्ही रेल्वे तीन तासांच्या आत पोहोचवते. बाझेलहून अर्ध्या तासाच्या आसपासचा प्रवास आहे, आणि शहरातून 'म्युझे द लोतो' या थांब्यापर्यंत ट्राम जाते. आत गेल्यावर आधी रोयाल गाठण्याचा मोह होतो. तो आवरून झाको आणि पानारपासून सुरुवात केली तर रोयालचे वेडेपण अधिक कळते.

एक दिवस जास्त असेल तर याच शहरातले रेल्वेचे संग्रहालयही पाहावे. रोयाल फारशा विकल्या गेल्या नाहीत तेव्हा त्यांच्यासाठी केलेली इंजिने वाया जाऊ नयेत म्हणून एत्तोरेने ती रेल्वेच्या स्वयंचलित डब्यांना बसवली. १९३३ पासून फ्रेंच रेल्वेमार्गांवर हे निमुळत्या नाकाचे वेगवान डबे धावू लागले, आणि कारखान्याला मंदीत त्यांनीच जगवले. अशा ८० हून अधिक डब्यांपैकी एक म्युलूझच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे. एत्तोरेच्या सहा रोयाल राजांसाठी होत्या. त्यांचेच इंजिन लावलेल्या या डब्यांतून साधे तिकीट काढलेल्या हजारो प्रवाशांनी ये-जा केली.